झाडीपट्टीतली गार : स्फटिक शोधण्याच्या छंदाचा आढावा

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या पूर्व भागात धानाच्या बांधीत नांगर अडतो तो बहुतेक वेळा गारेला. शेतकरी ती उचलून धुऱ्यावर टाकतो. असे पांढरे ढीग धुऱ्याधुऱ्यावर साचलेले असतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण गार म्हणजेच क्वार्ट्झ, आणि याच खनिजाला जमिनीखाली मोकळी जागा मिळाली की त्याचा सहा पैलूंचा, टोकदार, पाण्यासारखा निर्मळ स्फटिक होतो. अलीकडे दगड-खनिजांचा छंद असलेली तरुण मुले नागपूर-पुण्याहून इकडे पाहू लागली आहेत. त्यांचा प्रश्न साधा असतो: या जंगलात स्फटिक खोदायला मिळतील का? उत्तर मात्र साधे नाही. ते भूगर्भशास्त्रात आहे, कायद्यात आहे, आणि त्याहून अधिक या मुलखातल्या माणसांत आहे.

आधी दगडाचे पाहू. जमिनीच्या खोल पोटात तापलेल्या पाण्यात सिलिका विरघळते. ते पाणी खडकाच्या भेगांतून वर चढते, थंड होते, त्याचा दाब उतरतो आणि सिलिका भेगेच्या भिंतींवर बसू लागते. दोन्ही भिंतींकडून वाढणारे कण मधोमध एकमेकांना भिडले, तर भेग ठासून भरते आणि तिथे आकार नसलेली दुधी गार तयार होते. तिचा दुधी रंग आत अडकलेल्या असंख्य सूक्ष्म द्रवबिंदूंमुळे असतो. भेगेत कुठे पोकळी उरली, आणि पाणी सावकाश, दीर्घकाळ येत राहिले, तरच स्फटिकाला पैलू फुटतात. स्फटिक लहान असो वा मोठा, कितीही वेडावाकडा वाढलेला असो, त्याच्या ठरावीक पैलूंमधला कोन कधी बदलत नाही. हे निकोलस स्टेनो याने १६६९ साली क्वार्ट्झवरूनच दाखवले आणि तिथून स्फटिकशास्त्राची सुरुवात झाली. म्हणजे हा छंद ज्या वस्तूभोवती फिरतो, ती विज्ञानाच्या दृष्टीनेही थोर आहे.

आता हा मुलूख. दोन्ही जिल्ह्यांचा पूर्वेकडचा भाग बस्तरच्या अतिप्राचीन पट्टिताश्म आणि ग्रॅनाइटांचा आहे. त्यांत गारेच्या शिरा जागोजागी आहेत. आजूबाजूचा खडक झिजून माती होतो, गार मात्र झिजत नाही, म्हणून ती उघडी पडते आणि शेवटी नांगराला लागते. पोंभुर्णा तालुक्यातल्या ठाणेवासन्याचे तांबे अशाच शिरांच्या सोबतीने आले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला फ्लोराइटचा साठा नोंदलेला आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजातही लोखंडाच्या थरांशी आलटून-पालटून सिलिकेचे थर आहेत. पश्चिमेकडे चित्र पालटते. गडचांदूरकडे चुनखडक, वर्धा खोऱ्यात गोंडवन काळातला कोळसा आणि वालुकाश्म, वरोऱ्याच्या बाजूला दख्खनच्या काळ्या पाषाणाची किनार. वर्धा नदी काळ्या पाषाणाच्या मुलखातून वाहत येते, त्यामुळे तिच्या गोट्यांत अकीक आणि यास्पर सापडतात. एखादा अकीक फुटला तर आतल्या पोकळीत साखरेसारखे बारीक स्फटिकही चमकतात.

अपेक्षा इथेच बेताची करून घ्यावी. या मुलखात गार अमाप आहे, पण सुट्या, पारदर्शक, देखण्या स्फटिकांसाठी तो नावाजलेला नाही. महाराष्ट्राची जगभर कीर्ती आहे ती काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतल्या खनिजांमुळे: जळगावकडचा हिरवा ॲपोफिलाइट, नाशिक-पुण्याकडचे झिओलाइट, वाघोलीच्या खाणींतला गडद निळा कॅव्हनसाइट. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात २००१ सालापासून ही संपत्ती मांडलेली आहे. ती कोणा हौशी माणसाने डोंगर खोदून काढलेली नाही. गिट्टीच्या खदानीत सुरुंग उडतो, विहीर खणताना पोकळी फुटते, आणि तिथल्या मजुराचा हात आणि डोळा ते खनिज शाबूत बाहेर काढतो. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत महाराष्ट्राचे जे नमुने आहेत, त्यांच्यामागे हे अनाम हात आहेत आणि त्यांचे श्रेय अजून कोणी नीट लिहिलेले नाही. खनिज आधीच दुसऱ्या कामासाठी फोडलेल्या जमिनीतून मिळते, ही गोष्ट आपल्या प्रश्नाला फार उपयोगाची आहे. तिच्याकडे पुढे येईनच.

झाडीपट्टीत दगडांमागे लागण्याचा इतिहास मोठा आहे. त्यातले सर्वांत ठसठशीत नाव वैरागडचे. आज आरमोरी तालुक्यात असलेल्या या गावाजवळच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद अबुल फझलने अकबराच्या काळात आईन-ए-अकबरीत केली आहे. चांद्याच्या गोंड राजांच्या वैभवात या हिऱ्यांचा वाटा होता आणि वैरागडचा किल्ला आजही त्या काळाची साक्ष देत उभा आहे. त्याच्याही आधी, हजारो वर्षे मागे, इथला माणूस दगड पारखत होता. चंद्रपूर शहरालगतच्या पापामियाँ टेकडीवर अश्मयुगीन हत्यारे सापडली आहेत. कोणता दगड धारदार फुटतो आणि कोणता भुसभुशीत होतो, हे त्या माणसांना पोटासाठी कळावे लागत होते.

पण छंद या शब्दाला साजेसा माणूस शोधायचा तर मी स्टीफन हिस्लॉपचे नाव घेईन. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपूरला आला. त्याचे काम धर्मप्रसाराचे आणि शाळेचे, पण वाटेत दिसणारा प्रत्येक खडक तो थांबून पाहत असे. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्याने नागपूर परिसराच्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर लिहिले. मांगलीच्या वालुकाश्मातली उभयचर प्राण्याची कवटी त्याच्या प्रयत्नातून लंडनला पोचली आणि रिचर्ड ओवेनने १८५५ साली तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याहून त्याने प्रचंड प्राण्यांची हाडे गोळा केली, जी पुढे डायनोसॉरची ठरली. हिरवट रंगाच्या एका कॅल्साइटला त्याच्या नावावरून हिस्लोपाइट म्हटले गेले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात तो बुडाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्या नावाने आहे, पण तिथून शिकून गेलेल्या किती जणांना त्याचे हे दगडांचे वेड माहीत असेल?

हिस्लॉपचे मोल कशात आहे? त्याने जागा लिहून ठेवली. कोणता तुकडा कोणत्या गावच्या कोणत्या थरातून आला हे ठाऊक असल्यामुळे पुढच्या पिढ्यांना त्याच जागी परत जाता आले. पिसदुऱ्याच्या शेतांत आजही डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण असल्याचे वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली सायन्स या नियतकालिकात दाखवले. गवत डायनोसॉरच्या काळात नव्हतेच, असे तोवर मानले जात होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेतात पडलेल्या गोळ्यांनी ती समजूत बदलायला लावली. ज्या संग्रहात असा गोळा नुसताच ‘जुना दगड’ म्हणून काचेमागे असेल, त्याला हे कधीच सांगता आले नसते. आपल्याच काळात चंद्रपूरचे सुरेश चोपणे यांनी दगड, जीवाश्म आणि अश्महत्यारे जमवून लोकांसमोर मांडली, तीही याच परंपरेतली. दक्षिणेला सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला वनविभागाचे जीवाश्म उद्यान आहे. ज्या कोटा थरांत तिथले अवशेष मिळतात, त्यांना नाव मिळाले तेही प्राणहितेकाठच्या कोटा या गावावरून.

आता कायदा. इथे जरा सावकाश जायला हवे, कारण बहुतेक छांदिष्टांची समजूत अशी असते की एखादा दगड उचलला तर बिघडले कुठे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ४८ म्हणते की खनिज कुठेही असो, जमिनीवर वा जमिनीखाली, त्यावरचा हक्क राज्य शासनाचा. म्हणजे शेतमालकाने आनंदाने परवानगी दिली तरी त्याच्या शेतातली गार कायद्याने त्याची नसते. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याचे कलम ४ परवान्याशिवाय शोध, पूर्वेक्षण आणि खाणकाम तर नाकारतेच, शिवाय खनिजाची वाहतूक आणि साठाही नाकारते. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची आणि हेक्टरमागे पाच लाखांपर्यंत दंडाची. २०१५ साली केंद्राने क्वार्ट्झ, अकीक, यास्पर यांच्यासह ३१ खनिजे गौण खनिजांत टाकली, तेव्हा त्यांचा कारभार राज्याकडे आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वार्ट्झ, फेल्स्पार, अभ्रक आणि बॅराइट ही चार पुन्हा मुख्य खनिजांत गेली. कारण लिथियम, बेरिलियम, टँटलमसारखी आज मोलाची ठरलेली मूलद्रव्ये ज्या पेग्मटाइट खडकांत असतात, तिथेच क्वार्ट्झ आणि अभ्रकही असतात. धुऱ्यावरच्या गारेकडे दिल्लीतल्या धोरणकर्त्यांचे लक्ष गेले ते असे.

जंगलात नियम आणखी कडक होतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनातला खडक, खनिज, इतकेच काय वरची मातीसुद्धा वनोपज ठरते. राखीव वनात ते खणणे आणि उचलून नेणे, दोन्ही कलम २६ खाली गुन्हे आहेत. ताडोबा-अंधारी, चपराळा, भामरागड अशा संरक्षित क्षेत्रांत त्यावर १९७२ चा वन्यजीव कायदा येतो. तिथे सब्बल घेऊन जाण्याचा विचारही करू नये, आणि तो नियम मला पूर्ण मान्य आहे.

मला खटकते ती गोष्ट वेगळी आहे. या कायद्यांनी डोळ्यांसमोर ठेवला आहे तो खाणमालक किंवा वाळूचोर. खिशात मावेल एवढा नमुना घेऊन घरी जाणारा विद्यार्थी, भूगोलाच्या तासाला वर्गात दाखवण्यासाठी दगड जमवणारी शिक्षिका, यांच्यासाठी कुठे एक ओळही नाही. ना परवानगीची, ना मर्यादेची. व्यवहारात त्यांना कोणी पकडत नाही, पण कोणी पकडत नाही म्हणून चाललेला छंद कायम लपूनछपून राहतो. मग नोंदी होत नाहीत, नमुना कुठून आला हे कोणी उघड सांगत नाही, आणि हिस्लॉपने जे केले ते करणे अशक्य होते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने भूवारसा स्थळे आणि भू-अवशेषांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. त्या निमित्ताने हौशी संग्राहकाचा विचार व्हायला हवा होता.

परदेशी हा प्रश्न कसा सुटला ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या माउंट आयडा गावाभोवती क्वार्ट्झच्या खाजगी खाणी आहेत. तिथे फी भरून दिवसभर खोदता येते आणि सापडेल ते घरी नेता येते. त्याच राज्यात १९७२ पासून हिऱ्याच्या जुन्या खाणीचे सरकारी उद्यान आहे. तिथेही तिकीट काढून आलेल्याला मिळालेला हिरा त्याचाच. पण आपल्याला अधिक जवळचा दाखला स्वित्झर्लंडचा आहे. आल्प्समध्ये स्फटिक शोधणाऱ्यांची परंपरा कित्येक शतकांची. १७८६ साली माँ ब्लाँच्या शिखरावर पहिल्यांदा पोचलेल्या दोघांपैकी जाक बाल्मा हा शेजारच्या शामोनीचा असाच स्फटिकशोध्या होता. स्वित्झर्लंडच्या उरी भागात आजही स्फटिक शोधण्याचा परवाना घ्यावा लागतो, आणि तो देते तिथली सामाईक जमिनीची मालक असलेली गावकऱ्यांची संस्था. एखाद्याला स्फटिकांची पोकळी सापडली तर तो तिथे आपले हत्यार ठेवून खूण करतो आणि इतरांनी ती खूण मानायची, असा रिवाज आहे. सामाईक डोंगर, गावाची परवानगी, आपसातली शिस्त. गडचिरोलीच्या माणसाला हे परके वाटायचे कारण नाही.

कारण इथे मेंढा (लेखा) आहे. धानोरा तालुक्यातल्या या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूची वाहतूक परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली. मात्र वनहक्क कायद्यातले गौण वनोपज म्हणजे वनस्पतीपासून मिळणारे. मोह, तेंदू, बांबू त्यात येतात, दगड येत नाही. खनिजांच्या बाबतीत ग्रामसभेचा आधार आहे तो १९९६ च्या पेसा कायद्याचा. त्यानुसार अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. क्वार्ट्झ गौणांतून मुख्य खनिजांत गेल्याने हा आधारही गारेपुरता ढिला झाला, याची चर्चा फारशी झालेली नाही. ती व्हायला हवी, केवळ छंदापुरती नव्हे.

कायदा बाजूला ठेवला तरी जंगलात जमीन उकरणाऱ्या परक्या माणसाकडे गावाने संशयाने का पाहावे, याला इथे ठोस कारणे आहेत. पहिले गुप्तधन. टेकडीवर, किल्ल्याच्या तटाखाली, पडक्या देवळामागे धनासाठी खोदणाऱ्या टोळ्या विदर्भाने पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यासोबत येणारी अघोरी कृत्येही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधाचा उल्लेख उगाच आलेला नाही. रात्री बॅटरी लावून खड्ड्यात वाकलेला माणूस स्फटिक शोधतो आहे की धन, हे गावाने कसे ओळखावे? दुसरे कारण दक्षिण गडचिरोलीने चार दशके सोसलेल्या सशस्त्र संघर्षाचे आहे. हातात नकाशा आणि हातोडा घेऊन फिरणारा अनोळखी माणूस दोन्ही बाजूंच्या लेखी संशयित होता, ती सावधगिरी एका रात्रीत जाणार नाही. तिसरे कारण खाणीचे. गावात आधी दगडाचे नमुने घेणारे येतात, मग पट्टा होतो, मग जंगल जाते. सुरजागडच्या आसपासच्या माणसाला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या दृष्टीने दगड तपासणारा प्रत्येक जण त्या पहिल्या पायरीवर उभा असतो.

आणि उभे दगड. माडिया गोंड समाज मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभारतो. भामरागडकडे वाटेच्या कडेला त्या दिसतात, काही जुन्या, काही अगदी अलीकडच्या. जंगलातला एकटा उभा दगड कोणाचा तरी आजा असू शकतो. देवराईतली गार देवाची असते. हे जाणून न घेता हातोडा उचलणाऱ्याने या मुलखात येऊच नये, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

वाघाचे सांगायलाच हवे. चंद्रपूर जिल्ह्यात मोह वेचायला पहाटे गेलेली बाई, तेंदूपाने खुडायला गेलेला माणूस परतत नाही, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. ज्यांचा वर्षाचा संसार त्या मोहावर चालतो, ते जिवावर उदार होऊन जातात. छंदासाठी खड्ड्यात पाठ वाकवून, खाली मान घालून तास-दोन तास बसणे हे त्या जंगलात शहाणपणाचे नाही, आणि आपल्यामागे आपल्याला शोधायला गावातल्याच माणसांना आत शिरावे लागते.

मग या मुलखात स्फटिकाचा छंद करायचा तरी कसा? माझे मत असे की इथे नव्याने खोदायचेच नाही. माणसाने दुसऱ्या कामासाठी आधीच उकरलेली जमीन मुबलक आहे. गिट्टीच्या चालू खदानी, मुरमाचे खड्डे, विहिरीच्या काठावर पडलेला मलबा, रस्त्यासाठी कापलेली टेकाडे, गाळ काढलेले मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या, आणि धुऱ्यांवरचे ते पांढरे ढीग. खदानमालकाला आधी विचारावे, काम थांबले असताना जावे, सुरुंगाची वेळ माहीत करून घ्यावी, उभ्या कड्याखाली बसू नये. गारेच्या तुकड्यात गंजासारखी लाल माती भरलेली पोकळी दिसली की तिथे थांबावे. पोकळी लाकडी काडीने हलके मोकळी करावी, लोखंडी छन्नीने नव्हे. क्वार्ट्झची कठिणता ७ असली तरी टोकांचे टवके चटकन उडतात. गार फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि दगड ओला हवा. गारेची धूळ किती घातक असते हे गुजरातमधल्या गोध्रा-बालासिनोरच्या क्वार्ट्झ कारखान्यांत राबून सिलिकोसिसने गेलेल्या झाबुआ-अलिराजपूरच्या आदिवासी मजुरांनी प्राण देऊन दाखवले आहे.

आणि प्रत्येक तुकड्याबरोबर एक चिठ्ठी: गाव, तालुका, खदान की विहीर, खडक कोणता, तारीख, परवानगी कोणी दिली. जीवाश्म किंवा घडीव हत्यार दिसले तर ते उचलायचे नाही, फोटो काढून जागा कळवायची. नागपूरला सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय आहे, गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. खनिजाची ओळख पटवायला ही दारे ठोठावता येतात.

शासनाने करायचे ते फार नाही. हाताने उचलता येईल एवढा, विक्रीसाठी नसलेला, वर्षाला ठरावीक किलोंच्या आतला नमुना खाजगी जमिनीवरून आणि खदानीतून नेण्यास नियमांत मोकळीक द्यावी. राखीव वन आणि अभयारण्ये त्यातून पूर्ण वगळावीत. अनुसूचित क्षेत्रात ही परवानगी ग्रामसभेने द्यावी, फी ग्रामसभेने घ्यावी, आणि सोबत गावातला माणूस असावा, ज्याला मजुरी मिळेल. कोणती शिळा कोणाची आणि कोणत्या नाल्यात काल वाघीण दिसली, हे त्यालाच ठाऊक असते. पावसाळ्यानंतर आणि मोहाच्या हंगामाआधी, म्हणजे साधारण दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत, अशा फेऱ्या होऊ शकतील. निघालेल्या प्रत्येक चांगल्या नमुन्यातला एक तुकडा, त्याच्या चिठ्ठीसह, गावच्या शाळेच्या कपाटात ठेवायचा, ही अट मी परवान्यात पहिल्या क्रमांकावर घालीन.